उचललेला भंडारा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मला घरी आणलं. शिवतेजदादा कराडच्या खोलीवर आला आणि म्हणाला, "आई पडलीय, चल." गाडीत मी विचारत राहिले, कुठे पडली, कशी पडली. तो समोर बघून गाडी चालवत राहिला. उंब्रज आलं, हायवे सुटला, उसातली वाट लागली, आणि आई ओट्यावर लसूण सोलत बसलेली दिसली. तिने मान वर केली नाही.

आप्पांनी हात पुढे केला. माझे वडील फौजेतून सुभेदार होऊन आले. ते मागत नाहीत, हात पुढे करतात. "तुम्हाला हा अधिकार नाही," हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. ते बाहेर पडायच्या आत माझा फोन त्यांच्या हातात गेलेला होता.

कारण लिहून ठेवते. वडूजच्या पुढे एका जत्रेत आमच्या पथकाचा कार्यक्रम झाला. आमचं मुलींचं गजी पथक. धनगरांचा हा नाच आजवर पुरुषांनीच नाचला. मायाने तो कॉलेजात आम्हाला शिकवला, सांगलीच्या स्पर्धेत पहिला नंबर काढून दाखवला, आणि तेव्हापासून जत्रांची बोलावणी येतात. माया ढोल वाजवते. ढोलासमोरची जागा माझी. त्या दिवशी कपडे बदलायला शाळेची खोली दिली होती. बाकीच्या मुली जेवायला गेल्या आणि आम्ही दोघी मागे राहिलो. खिडकीला काच नव्हती. कोणी पाहिलं ते मला माहीत नाही. काय पाहिलं ते माहीत आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

माझं मायावर प्रेम आहे. मी हे तिला शंभर प्रकारे सांगितलं आहे. ती ऐकते, हसते, आणि ढोलाच्या दोऱ्या आवळायला लागते. तिने स्वतः हा शब्द कधी उच्चारला नाही.

६ फेब्रुवारी

दाराला कुलूप नाही. हीच यातली हुशारी आहे. मी ओट्यावर आले की आई ओट्यावर येते. मी गोठ्याकडे गेले की संयोगिता वहिनीला गोठ्यात काम निघतं. परसाकडे गेले तरी कोणीतरी खाकरतं. चहूबाजूंनी ऊस उभा आहे, दोन पुरुष उंचीचा. घरातून आकाश सोडून काही दिसत नाही.

वहिनीला म्हटलं, "तुम्ही शिकलेल्या आहात. हे तुम्हाला पटतं?"

"पटायचं काय त्यात," ती शेण गोळा करत म्हणाली. "तुमचं बरं हाय, तुमाला आणाय गाडी पाठवाय लागली. मी आपली वाजत-गाजत आले."

मी तिच्यावर रागावले. प्रत्येक गोष्टीचा विनोद करायचा, म्हणजे विचार करायला नको.

९ फेब्रुवारी, रविवार

आप्पांशी तासभर बोलले. मी सज्ञान आहे. दोन सज्ञान माणसांच्या अशा नात्याला या देशात गुन्हा म्हणत नाहीत, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मिटवला. हे घर राज्यघटनेच्या बाहेर नाही. मी चांगली बोलले. आवाज चढवला नाही, एकही मुद्दा सुटला नाही.

आप्पा शेवटपर्यंत ऐकत बसले. मग आईला म्हणाले, "जेवाय वाढ हिला. दमली."

जेवताना म्हणाले, "बाळ, तुझं सगळं बराबर असंल. पर मला गावातनं चालायचं असतंय. तुझं कोर्ट माझ्यासंगं चालत येनार हाय का?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते उठून हात धुवायला गेले. आजोबांनी चळवळीच्या आठवणीने माझं नाव क्रांती ठेवलं. मुलांची नावं ठेवण्यापुरतं हे घर शूर आहे.

१३ फेब्रुवारी

टोळी आली. ऊसतोड सुरू झाली. दिवसभर कोयत्यांचा आवाज, पाचोळ्याचा वास. माझ्या खोलीसमोरचं रान पडलं आणि एकदम रस्ता दिसला. रस्त्यावरून जाणारी एसटीसुद्धा दिसते. मला इतका आनंद झाला की मी खिडकीत जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने कळलं की रस्त्यावरच्या लोकांनाही मी दिसते. दोन बायका थांबून बघत होत्या. आईने येऊन पडदा ओढला.

मायाचं काय चाललं असेल. वडूजच्या पुढच्या तिच्या गावात तर हायवे नाही, ऊस नाही, काही लपवायला काहीच नाही. माळ आणि बिरोबाचं देऊळ. तिचे वडील ज्योतिबा तात्या गजीचे म्होरके. पोरींच्या हातात ढोल गेला तेव्हा त्यांनी आपल्या भावकीचं किती ऐकून घेतलं ते मी पाहिलं आहे. सांगलीत नंबर आला त्या दिवशी त्यांनी ढोलाला भंडारा लावला आणि मग मायाच्या कपाळाला. भंडारा म्हणजे शेवटी हळद. पण तो लावण्याआधी तात्यांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या.

सांगलीत हरिपूर रस्त्याला आम्ही एक खोली बघून ठेवली आहे. पुढच्या बाजूला मुलींचा नाच-ढोलाचा वर्ग, मागे आम्ही. मालकीण म्हणाली होती, पाडव्यापर्यंत कोणाला देत नाही.

१५ फेब्रुवारी

वाट निघाली.

मायाच्या गावच्या पाच पंचांनी निरोप पाठवला आहे. पाडव्याच्या जत्रेत मुलींनी देवापुढे नाचायचं की नाही, हे या अफवेवर अडलं आहे. पुरावा कोणाकडेच नाही. तेव्हा दोघी मुलींनी बिरोबापुढे यावं, भंडारा उचलावा आणि आमच्यात वावगं काही नाही असं सांगावं. एवढं झालं की विषय संपला. आप्पांनी विचारलं, "मग माझी पोरगी कराडला जायला मोकळी?" निरोप्या म्हणाला, "भंडारा उचलल्यावर कोन काय बोलनार, आप्पा? जीभ झडंल की."

मला हसू आवरेना. मी वादविवाद स्पर्धांत वाढलेली मुलगी आहे. सकाळी ठरावाच्या बाजूने आणि दुपारी त्याच ठरावाच्या विरुद्ध बोलून दोन्ही वेळा टाळ्या घेतल्या आहेत. चिमूटभर हळद हातात धरून एक वाक्य बोलायचं, फोन परत, कराड परत, आणि तिथून सांगलीची गाडी. ज्या हुकूमशाहीला शपथेची गरज पडते ती आतून पोकळ झालेली असते, हे मी कित्येकदा व्यासपीठावरून सांगितलं आहे. आता ते वापरायची वेळ आली.

मी आप्पांना "हो" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "उचलशील?" मी म्हटलं, "का नाही?" ते उठून बाहेर गेले. आईने देवघरात दिवा लावला.

१८ फेब्रुवारी

मायाशी बोलले. वहिनीच्या फोनवरून, स्पीकर लावून, आप्पा शेजारी बसलेले. सूचक बोलणं भाग होतं.

मी म्हटलं, "रविवारी येतेय. भंडारा उचलायचाय. तुला कळलंय ना?"

"कळलंय."

"साधी गोष्ट आहे. चार शब्द आहेत फक्त. आणि मग सगळं मोकळं. आपलं ते सांगलीचं कामही मार्गी लागेल."

पलीकडे बराच वेळ शेळ्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "तू उचलनार? भंडारा?"

"हो. का?"

"न्हाई, इच्यारलं. तू देवापुढं जे बोलशील ते मी खरं मानीन."

समजली. किती हुशारीने बोलली, आप्पांना वास लागू दिला नाही. मी फार दिवसांनी पोटभर जेवले.

वहिनी ताट उचलताना म्हणाली, "तिला इच्यारलं व्हतं का तुमी, तिला उचलायचाय का म्हणून?" मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला यातलं कळणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

देवळापुढे माणसं दाटली होती. पटांगणात परात, परातीत भंडाऱ्याची रास. एका बाजूला आम्ही, एका बाजूला ते. मायाने पांढरी साडी नेसली होती, कपाळ कोरं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला डोळ्यांनी धीर दिला.

आधी मी. मूठ भरून भंडारा घेतला. एवढी माणसं समोर असली की माझा आवाज आपोआप लागतो. मी म्हटलं, "माया माझी मैत्रीण आहे. त्यापलीकडे आमच्यात काही नव्हतं, काही नाही आणि कधी असणार नाही. हे खोटं असेल तर बिरोबा माझं वाटोळं करो." 'कधी असणार नाही' आणि पुढचं वाटोळ्याचं वाक्य, ही दोन कोणी सांगितली नव्हती. ती मी जोडली. त्यांच्याशिवाय बोलणं अर्धवट वाटलं असतं.

माणसं हुंकारली. मागे कोणीतरी म्हणालं, "पोरगी वाघीन हाय."

मग मायाला पुढे बोलावलं. ती परातीपाशी बसली. हात परातीवर धरला. तो तिथेच राहिला.

पंच म्हणाला, "उचल, बाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतला, पदराला पुसला, खरं तर पुसण्यासारखं हाताला काहीच लागलं नव्हतं. म्हणाली, "तिचं न्हाई म्हनती. देवापुढं बोलली, तर नसंल. मला खोटं बोलाय यायचं न्हाई. माझं हाय."

मोठ्याने नाही बोलली. पण मागच्या माणसालाही ऐकू गेलं.

कोणी तिला मारेल असं मला वाटलं. तिचा चुलता उठलासुद्धा. ज्योतिबा तात्या आडवे आले. त्यांच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. म्हणाले, "थांबा. माझी लेक देवापुढं खोटं बोलली न्हाई. आता तिचं काय करायचं ते त्यो करंल. तुमी नगा करू." त्यांनी ढोल स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि मायाच्या मागोमाग चालत गेले.

गाडीत आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "शाब्बास." शाळेतला पहिला करंडक आणला होता तेव्हा म्हणाले होते, त्यानंतर आज.

२४ फेब्रुवारी

मूर्ख मुलगी. एका वाक्याचं काम होतं. एका वाक्याने आम्ही दोघी सांगलीत असतो.

हातांची हळद जात नाही. नखांत राहिली आहे.

३ मार्च

फोन परत मिळाला. मायाला लावते, ती उचलत नाही. मग संदेश लिहिले, लांबलचक, मुद्देसूद. भंडारा म्हणजे हळद, शपथ म्हणजे दडपणाखाली घेतलेला जबाब, दडपणाखालचा जबाब ग्राह्य नसतो. वाचल्याच्या खुणा येतात. उत्तर येत नाही.

काल फक्त एवढं आलं: "तुला कुणी धमकी दिली व्हती का त्या दिवशी?"

मी खरं ते लिहिलं. नाही, धमकी कोणी दिली नव्हती.

त्यावर काही नाही.

८ मार्च

कराडला महिला दिनाचं भाषण. ठरलेलं होतं, आप्पांनी जाऊ दिलं आणि स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसले. विषय 'ती बोलते तेव्हा'. मी पाऊण तास बोलले. सभागृह उभं राहिलं. एक मुलगी सही घ्यायला आली, म्हणाली, ताई, तुमच्यासारखं बोलता आलं पाहिजे. मी सही केली. बाहेर गाडी उभी होती, मागचं दार उघडं होतं.

१६ मार्च, रविवार

खंडाळ्याची माणसं येऊन गेली. मुलगा वीरधवल, कंपनीत आहे, शांत आहे, माझं भाषण त्याने फोनवर पाहिलं आहे. त्याच्या आत्याने दबक्या आवाजात विचारलं, "ते वडूजकडं कायतरी कानावर आलं व्हतं..." आप्पांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "माझ्या पोरीनं बिरोबापुढं भंडारा उचललाय. पाच गावची माणसं साक्षीला हायत. त्या पोरीचं काय असंल ते तिचं. आमचं न्हाई."

आत्या म्हणाली, "मग मिटलंच की."

मिटलंच. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. मी नाही म्हणू शकते. पण का नाही, हे कोणी विचारलं तर काय सांगू? सांगण्यासारखं जे होतं ते नाही म्हणून मीच पाच गावांना सांगून आले आहे. आणि मायाला.

साखरपुडा ६ एप्रिलला.

कराडला परत जाण्याचा विषय निघाला की आई म्हणते, आता कशाला.

२३ मार्च

साखरपुड्याआधी बिरोबाला नारळ द्यायचा असं आप्पांनी ठरवलं. मी, दादा, वहिनी. दादा सावलीला गाडीत बसून राहिला.

जत्रेत त्यांना नाचू देणार की नाही ते मला माहीत नाही, पण देवळामागे पथकाची तालीम चालली होती. मी न पाहायचं ठरवलं होतं, तरी पाहिलं. पांढरे अंगरखे, हातात रुमाल. माया ढोलावर वाकलेली. काही घरांनी मुली काढून घेतल्या असणार, कारण ढोलासमोर, माझ्या जागी, कोणीच नव्हतं. ओळ तिथे येऊन दुभंगत होती आणि पुढे जुळत होती. मी वहिनीला म्हटलं, एक मुलगी कमी पडली त्यांना.

"मागं तीन पोरी नुसत्या उभ्या हायत की," वहिनी म्हणाली. "कमी कुठं?"

मी पुन्हा पाहिलं. खरंच उभ्या होत्या, रुमाल घेऊन, तयार. त्यातली एक पुढे यायला निघाली, मायाने मान न उचलता ढोलाचं टिपरू आडवं धरलं आणि ती मागे झाली.

तेव्हा मला कळलं. तेव्हाच सगळं कळलं, फोनवर तिने काय विचारलं होतं, का विचारलं होतं. तिने मला आधीच बजावलं होतं: तू बोलशील ते मी खरं मानीन. आणि मी पोटभर जेवले होते. जो शब्द मी तिच्याकडून इतके दिवस मागत होते तो तिने साऱ्या गावासमोर, परातीपुढे बसून दिला. मी त्याला मूर्खपणा म्हटलं.

तिच्या आजी, बनाबाई, देवळाच्या पायरीवर भंडारा वाटत बसतात. मी नारळ ठेवला आणि विचारलं, "आज्जी, उचललेला भंडारा परत ठेवता येतो का?"

त्यांनी मला ओळखलं.

"येतो की. पर चोरून न्हाई ठेवता येत. जेवढ्या मान्सांत उचलला तेवढ्या मान्सांत ठेवाय लागतो. आन ज्यांच्यासाठी उचलला त्यांच्या तोंडावर." मग माझ्या हातात चिमूट न देता मूठभर भंडारा दिला, कागदात बांधून. "तुला काय अवघड हाय? तू भाशानवाली. मान्सं जमत्यात तुझ्याम्होरं."

वहिनीने ऐकलं. परतीच्या वाटेवर ती एकदाही विनोद करून बोलली नाही.

५ एप्रिल

उद्या. कार्यालय उंब्रजला घेतलं आहे. आप्पा म्हणाले, "चार शब्द बोल बाळ, खंडाळ्याच्या मान्सांना कळू दे आमची पोरगी काय हाय ती." माझ्या आयुष्यात भाषणाआधी मला कधी घाम फुटला नव्हता. आज मुद्दे काढायला बसले आणि कागद कोरा राहिला. कायदा नको, घटना नको, दाखले नकोत. चारच वाक्यं आहेत. ती मी पुनःपुन्हा म्हणून पाहते आणि दुसऱ्या वाक्याला आवाज जातो.

आईचा विचार येतो. आप्पांना गावातून चालायचं असतं, हेही खरंच आहे. त्यांनी मला कधी मारलं नाही. मारलं असतं तर सोपं झालं असतं.

७ एप्रिल, सोमवार

बोलले.

माईक आप्पांनीच हातात दिला. मी म्हटलं, "मी बिरोबापुढे भंडारा उचलून खोटं बोलले." कार्यालयात ताटांचे आवाज थांबले. दुसरं वाक्य सुरू केलं आणि माईक बंद झाला. दादाने वायर ओढली होती. माझा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. "मायाचं आणि माझं, दोघींचं आहे. तेव्हाही होतं. तिने एकटीने सांगितलं, मी सांगितलं नाही." मग पदरातली पुडी सोडली आणि भंडारा साखरपुड्याच्या ताटात ठेवला. साखर पिवळी झाली. वीरधवल खुर्चीतून उठला, ताटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि आत्याला म्हणाला, "चला."

आप्पांनी मला दंडाला धरून गाडीत बसवलं. वाटेत उंब्रजच्या चौकात ओळखीच्या माणसाने हात केला, तर त्यांनी नेहमीसारखा हात वर केला आणि तो खाली घ्यायचं त्यांना सुचेना.

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं कुलूप आता माझ्या दाराला आहे. किल्ली आप्पांच्या खिशात. फोन पुन्हा गेला. सकाळी आईने दाराच्या फटीतून भाकरी सरकवली. मी "आई" म्हटलं. ती पलीकडे बसून राहिली, मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. बोलली नाही, आणि उठलीही नाही.

मग वहिनी खिडकीखाली आली, धुणं वाळत घालायच्या निमित्ताने. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळ्यांच्या फोनवर फिरतंय तुमचं कालचं बोलनं. वडूजच्या पुढं सुदिक." साडी झटकली. "पडदा बाजूला करा. रस्त्याकडं बघा."

तोडलेल्या उसाला फुटलेला खोडवा गुडघ्याएवढा आला आहे. त्याच्यावरून रस्ता स्वच्छ दिसतो. बांधाच्या टोकाला ज्योतिबा तात्यांची पांढरी पिकअप उभी आहे. हौद्यात ढोल आहे, पिवळ्या कापडात बांधलेला, आणि ढोलाला टेकून कोणीतरी बसलं आहे. दादा दोनदा बांधापर्यंत जाऊन परत आला. आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून तिकडे तोंड करून बसलेत. गाडीतून कोणी उतरत नाही. कोणी हाकही मारत नाही.

ऊन चढलं. एक एसटी येऊन गेली, धुरळा बसला. गाडी तिथेच आहे.

मी पडदा काढून टाकला आहे आणि खिडकीत उभी आहे. तिला इथून मी दिसत असेन.